आठ सुया, एकही खूण नाही

१

सोमी भोयेचं लुगडं सारखं करताना प्रमिला गावितचा हात मध्येच थांबला.

सकाळचे पावणेनऊ झाले होते. जव्हारच्या एका संस्थेच्या रुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात, दोन नंबरच्या खाटेभोवती हिरवा पडदा ओढलेला होता. तासाभरापूर्वी सोमी वॉकर धरून न्हाणीकडे निघाली, चार पावलं चालली, छातीवर हात ठेवून दम लागल्याचं म्हणाली आणि खाली बसली, ती पुन्हा उठलीच नाही. डॉक्टर प्रसाद धावत आले. त्यांनी अर्धा तास छाती दाबली, ऑक्सिजन लावला, होतं नव्हतं ते सगळं केलं. मग घड्याळ बघून कागदावर वेळ लिहिली आणि घाम पुसत निघून गेले.

प्रमिला या वॉर्डची मेट्रन. मोखाड्याकडच्या एका पाड्यावर जन्मलेली, बावीस वर्षं याच भिंतींत राबलेली. गेलेलं माणूस नातेवाइकांना दाखवण्याआधी त्याच्या अंगावरचं नीटनेटकं करायचं काम ती कुणावर सोडत नसे. आजही पुष्पावती आयाला हाताशी घेऊन तीच पडद्याच्या आत उभी होती.

सोमी वावर गावची, पन्नाशीच्या आतली. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन उतार उतरताना घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. नऊ दिवसांपूर्वी डॉक्टरांनी आत सळई घालून ते जोडलं होतं. दोन नंबरची खाट न्हाणीला सगळ्यांत जवळ, म्हणून प्रमिलानेच तिला ती दिली होती. असं माणूस खाटेवर पडून राहिलं की पायाच्या शिरांत रक्त साकळतं, त्याची गुठळी होते, आणि ती सुटून फुप्फुसात गेली की माणूस उभ्याउभ्या जातो. ते होऊ नये म्हणून रोज संध्याकाळी सहाला पोटाच्या कातडीत रक्त पातळ ठेवणारं एक बारीक इंजेक्शन द्यायचं असतं.

सोमीचा मोडलेला पाय सुजून खांबासारखा झाला होता. ते प्रमिलाने पाहिलं, आणि त्याचं नवल वाटलं नाही. हात थांबला तो पोटावर.

या इंजेक्शनची सुई केसासारखी असली तरी ते आपली खूण ठेवतं. जांभळाएवढे काळेनिळे डाग उठतात, पुढे हिरवट होतात, पंधरा दिवस जात नाहीत. कुणाला आठांपैकी आठ उठतात, कुणाला तीनच. अजिबात न उठलेली बाई प्रमिलाने बावीस वर्षांत पाहिली नव्हती. सोमीचं पोट कोरं होतं. बाळंतपणाच्या वळ्या होत्या, बाकी काही नाही. तिने दिव्याचं बटण दाबलं, वाकून बघितलं, बोटाने चाचपलं. काही नाही.

तिने पुष्पावतीला पांघरूण घालायला सांगितलं आणि टेबलावर जाऊन सोमीची फाईल उघडली. इंजेक्शनच्या रकान्यात आठ संध्याकाळच्या आठ सह्या होत्या. पाच योगिता सिस्टरच्या, तीन नितीन ब्रदरच्या. प्रत्येकीपुढे वेळ, तारीख, सगळं जिथल्या तिथे.

कागदावर आठ सुया टोचल्या होत्या. बाईच्या अंगावर एकही नव्हती.

२

बाहेर व्हरांड्यात सोमीची मोठी बहीण धोंडीबाई सोमीच्या नवऱ्यावर बरसत होती. जिवा भिंतीला टेकून उकिडवा बसला होता, मान खाली. पाय सुजला म्हणून तो चार दिवस सकाळ-संध्याकाळ बायकोच्या पायाला तेल लावून चोळत होता. चोळून चोळून तूच तिला मारलीस, असं धोंडीबाई पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि वावरहून आलेले चारपाच जण ते ऐकत उभे होते. जिवा स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिला.

प्रमिला तिथून थेट डॉक्टरांच्या खोलीकडे गेली.

डॉक्टर प्रसाद या रुग्णालयाचे प्रमुखही होते. त्यांनी आधी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. फुप्फुसातली गुठळी, यात त्यांना शंका नव्हती. सरकारी रुग्णालयात शवविच्छेदन होईल, तेही तेच सांगेल. इंजेक्शन देऊनही शंभरात एखाद्याला गुठळी होतेच, असंही ते म्हणाले. पण कोऱ्या पोटाची गोष्ट ऐकल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"म्हणजे दिलीच नाहीत," ते म्हणाले. "सह्या ठोकल्या आणि इंजेक्शनं बाहेर गेली. दुसरं काय?"

औषध बाहेर विकलं जातंय, असा त्यांना वर्षभर संशय होता. योगिता तीन महिन्यांपूर्वी लागलेली, संगमनेरकडची, पाच सह्या तिच्या. तिला आजच्या आज घरी बसवायचं आणि पोलिसांत कळवायचं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. एकामागून एक कटकटी, म्हणून ते वैतागले होते. आठ दिवस झाले, पोटदुखीच्या त्या चैतीला दोन बाटल्या रक्त चढवलं तरी तिच्या रक्ताचं प्रमाण जागचं हलत नव्हतं, आणि आज सोमीचं बघून घाबरून तीही सही करून घरी निघून गेली होती. उद्या लोक म्हणतील, या रुग्णालयात माणसं टिकत नाहीत.

प्रमिलाने चार वाजेपर्यंतची मुदत मागितली. डॉक्टरांनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. तिला खुर्चीवर बसायला सांगून पाच मिनिटं झाली होती आणि ती अजून उभीच होती.

"मेट्रन, तुम्हाला योगिता चोर वाटत नाही का?"

प्रमिलाला काय वाटतं ते तिचं तिलाच कळत नव्हतं. एवढंच दिसत होतं की चोराला सह्या करायच्या तर तो एखाद-दुसरी सुई तरी टोचेल. कोरं पोट हे चोराचं काम वाटत नव्हतं. चोर इतका बेफिकीर नसतो.

"चार वाजेपर्यंत," ती म्हणाली आणि निघाली.

३

औषधांच्या खोलीतला कमलेश हा जव्हारच्याच बाजारपेठेतल्या घरातला, हिशेबी आणि थोडा चिडका. चोरीचा संशय आहे म्हटल्यावर त्याने वही पुढे सरकवली. इंजेक्शनची सुई औषध भरूनच येते, एकदा वापरून फेकायची. रिकामी परत आल्याशिवाय तो दुसऱ्या दिवशीची नवी हातात देत नसे. त्यावरून परिचारिकांशी त्याची भांडणं ठरलेली. वहीत आठ गेल्याची आणि आठ रिकाम्या आल्याची नोंद होती, आणि लाल डब्यात त्या रिकाम्या सुया अजून पडलेल्या होत्या. प्रत्येकीचा दट्ट्या तळापर्यंत दाबलेला, सुईला वाळलेल्या रक्ताचा ठिपका.

"सात नंबरचं इंजेक्शन रोज साडेपाचच्या ठोक्याला या खिडकीतून जायचं," तो म्हणाला. "एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. माझ्याकडे बोट दाखवायचं नाही, मॅडम."

प्रमिलाला कुठेतरी कुसळ टोचल्यासारखं झालं. नेमकं काय टोचलं ते शोधायला ती थांबली असती, पण तेवढ्यात व्हरांड्यातून पुष्पावतीने हाक मारली. पोलीस आले होते, सोमीला न्यायला गाडी लागली होती. प्रमिला कागदांवर सह्या करून, जिवाला गाडीत बसवून परत आली, तोवर ते कुसळ आत शिरून दिसेनासं झालं होतं.

एक गोष्ट मात्र पक्की झाली. औषध बाहेर गेलं नव्हतं. सुईला रक्त होतं, म्हणजे ती कुणाच्या तरी कातडीत गेली होती.

योगिता परिचारिकांच्या खोलीत पेटीत कपडे भरत होती. डॉक्टरांचा निरोप तिला मिळाला होता. प्रमिलाला वाटलं होतं ती रडेल, पण रडून झालेलं दिसत होतं. तिने सगळं सांगितलं, आणि विचारलेलं नसतानाही दोनदा सांगितलं. संध्याकाळी अठ्ठावीस बायका आणि ती एकटी. सहाच्या इंजेक्शनांचा तक्ता ट्रेवर चिकटवलेला असतो, त्याप्रमाणे खाटेखाटेवर जायचं, द्यायचं, मग टेबलाशी बसून एकेक फाईल काढून सह्या करायच्या. कॉलेजात शिकवल्याप्रमाणे ती प्रत्येकीला नाव विचारल्याशिवाय सुई लावत नसे.

"काय विचारायचीस?" प्रमिलाने विचारलं.

"सोमी ना तुम्ही, असं. ती हां म्हणायची. इथल्या बायका जास्त बोलत नाहीत, मॅडम. हां म्हणतात आणि तोंड फिरवतात."

मग तिने पेटीचं झाकण लावलं, आणि पहिल्यांदाच प्रमिलाच्या डोळ्यांत बघितलं. तीन सह्या तिच्या नव्हत्या. ती सुटीवर होती त्या तीन संध्याकाळी नितीन ब्रदर होता. दोघांची ड्यूटी कधी एकत्र लागत नाही, बोलणंही नाही. ती खोटं बोलत असेल तर नितीनही खोटं बोलत असणार, आणि दोघं न ठरवता एकच खोटं कसं बोलतील?

हा प्रश्न प्रमिलाला सकाळीच पडायला हवा होता.

४

नितीन एसटी डेपोमागे भाड्याच्या खोलीत राहत होता. प्रमिला चालतच निघाली. रिक्षात बसून राहणं तिला आज जमलं नसतं. समोरच्या डोंगरउतारांवर ठिकठिकाणी राब पेटवलेले होते आणि धूर वाऱ्याने गावावर उतरत होता. एक वाजून गेला होता. मुदतीचे तीन तास उरले होते.

नितीन हा गडी सज्जन होता आणि जरा जास्तच लाजाळू. बायकांच्या वॉर्डात ड्यूटी लागली की त्याच्या कपाळावर घाम यायचा, हे प्रमिलाला माहीत होतं. सोमी गेल्याचं त्याला कळलं होतं. तो फार बोलेना. इंजेक्शनं दिली, एवढं शपथेवर सांगितलं. पोटातच दिली. बाईचं अंग पांघरुणाने झाकलेलं असायचं, तो पोटापुरतं चार बोटं पांघरूण बाजूला करायचा, कातडी चिमटीत धरायचा, सुई द्यायचा आणि निघायचा. तोंडाकडे बघणंसुद्धा त्याला बरं वाटत नसे. नाव विचारलं की बाई हां म्हणायची.

म्हणजे हाही योगितासारखंच सांगत होता. प्रमिला दारापर्यंत गेली आणि परत वळली.

"नितीन, तिच्या पोटावर निळे डाग उठले होते का? तू दिलेल्या जागी?"

"उठले होते ना," तो लगेच म्हणाला. "निळे होतेच. पण मला ते दुसरे डागच जास्त त्रास द्यायचे. जुने, डागणीचे. बेंबीभोवती पाच-सहा गोल, कातडी तिथे चामड्यासारखी. त्यांच्या मधली मऊ जागा शोधून सुई द्यायला लागायची."

प्रमिला दाराची चौकट धरून उभी राहिली.

डागणी तिला परकी नव्हती. तिच्या लहानपणी पाड्यावर पोट दुखायला लागलं की म्हातारा भगत तापवलेला विळा बेंबीभोवती टेकवायचा. तिच्या आईच्या पोटावर तसले चार डाग होते. ते मरेपर्यंत जात नाहीत.

सोमीच्या पोटावर असला एकही डाग नव्हता.

नितीन खोटं बोलत नव्हता. योगिताही नव्हती, कमलेशही नव्हता. तिघांनी आपापलं काम चोख केलं होतं. आठही सुया कुणाच्या तरी पोटात गेल्या होत्या, आणि ती सोमी नव्हती.

५

परतताना ती चालली नाही, जवळजवळ धावलीच. डागणी कुणाला करतात? वर्षानुवर्षं पोट दुखतंय त्याला. वॉर्डात पोटदुखीची बाई कोण होती? चैती. मोखाड्याच्या पलीकडची, खोडाळ्याच्या वाटेवरच्या पाड्यावरची. पोटात जखम आहे, त्यातून थोडंथोडं रक्त जातंय, असं डॉक्टरांचं निदान होतं. पडून असायची, डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण घेऊन. कुठल्या खाटेवर?

तिथे ते कुसळ पुन्हा टोचलं, आणि आता दिसलंही. कमलेश म्हणाला होता, सात नंबरचं इंजेक्शन. सोमी तर दोन नंबरवर होती. सात नंबरवर चैती होती.

वॉर्डात आल्या आल्या तिने इंजेक्शनचा ट्रे ओढला. तक्ता शस्त्रक्रियेच्या दिवशीचा होता, छापलेला, कडा तेलकट झालेल्या. 'खाट ७, सोमी, सं. ६.' सोमी सातवर आली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी दोनवर गेली. रिकाम्या सातवर त्याच दुपारी चैती आली. संध्याकाळी पहिली सुई निघाली ती तक्त्यावरच्या खाटेकडे.

पोट दुखणाऱ्या, आतून रक्त जाणाऱ्या बाईला आठ दिवस रोज रक्त पातळ करायचं औषध दिलं गेलं होतं. वरून रक्त चढवायचं आणि खालून तेच वाहून जायचं. म्हणूनच तिचं रक्त जागचं हलत नव्हतं. शेवटची सुई काल संध्याकाळी सहाची. आणि सकाळी दहाला ती घरी निघून गेली होती.

तिने ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली आणि डॉक्टर प्रसादांना बोलावून घेतलं. कमलेशही मागोमाग आला. डॉक्टरांनी तक्ता बघितला, पण मान हलवली. खाट चुकेल, कबूल. पण दोघं नाव विचारत होते. चैती आपण सोमी आहोत असं आठ वेळा कशाला सांगेल?

प्रमिला तीन नंबरच्या खाटेपाशी गेली. तिथे कमू नावाची म्हातारी पायाच्या जखमेसाठी आलेली होती. शेजारी पुष्पावती फरशी पुसत होती.

"बाई, तुम्ही पुष्पावती ना?" प्रमिलाने शाळेतल्या मराठीत, योगिताच्या सुरात विचारलं.

"हां," कमू म्हणाली आणि तोंड फिरवलं.

पुष्पावती फडकं हातात धरून तशीच उभी राहिली. प्रमिलाने तोच प्रश्न आता घरच्या बोलीत विचारला, तुझं नाव काय म्हणून. म्हातारीने वळून तिच्याकडे नीट बघितलं आणि आपलं, नवऱ्याचं, पाड्याचं अशी तिन्ही नावं सांगितली.

पांढऱ्या कपड्यांतलं माणूस भरभर काही विचारतं, त्यातलं निम्मं कळत नाही, पण हां म्हटलं की ते निघून जातं. हे प्रमिलाला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती लहानपणी स्वतः तशीच हां म्हणत असे.

"चैतीकडे फोन आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

कमलेश केव्हाचा तो नंबर लावत होता. तो बंद होता.

६

गाडीत पुढे डॉक्टर, मागे प्रमिला आणि पुष्पावती. सलाइन, रक्त थांबवायची इंजेक्शनं, कमलेशने हाताला लागेल ते सगळं भरून दिलं होतं. मोखाड्याच्या वळणांवर प्रमिला दोन्ही हातांनी दांडा धरून बसली होती आणि तरी सारखी खिडकीतून वाकत होती, जसं काही बघितल्याने रस्ता लवकर संपणार होता. डॉक्टरांनी नाशिकला फोन करून ठेवला. बाई सापडली तर मागे फिरायचं नाही, त्र्यंबकवरून थेट पुढे न्यायचं.

एकच प्रश्न सुटला नव्हता. नवी खाट दिली की तक्ता बदलायचा असतो. तो बदलला का नाही? कुणाच्या चुकीने? मनाला लागलेली ती टोचणी अजून तशीच होती. तिने पुष्पावतीला विचारलं, त्या सकाळी सोमीला दोनवर नेताना तिथे कोण होतं.

पुष्पावती हळूच म्हणाली, "तुम्हीच होतात ना, मेट्रन. तुम्ही म्हणालात, हिला न्हाणीजवळ घेऊ. मी विचारलं, बाकीचं? तुम्ही म्हणालात, मी बघते."

प्रमिलाला ते आठवलं. शब्दन् शब्द आठवला. त्याच वेळी दारात एक अडलेली बाळंतीण आली होती आणि ती तिकडे धावली होती. 'मी बघते' ते बघायचं राहूनच गेलं.

आणि तक्ता खाटेच्या नंबरावर लिहायचा नियमही तिचाच. दोन वर्षांपूर्वी वॉर्डात एकाच वेळी तीन सोम्या आणि दोन कमू आल्या, गोंधळ नको म्हणून तिनेच सगळ्यांना बजावलं होतं, नावाने नाही, खाटेने चाला. चूक होऊ नये म्हणून केलेला नियम होता तो. सकाळपासून ती गुन्हेगार शोधत व्हरांडे तुडवत होती आणि तो तिच्याच चपलांतून फिरत होता.

पाडा आला तेव्हा चार वाजत आले होते.

चैती अंगणात बाजेवर पडलेली होती. चेहरा पिठासारखा, ओठ पांढरे. नवऱ्याने सांगितलं, दुपारपासून परसाकडे दोनदा डांबरासारखं काळं झालं, उठायला गेली तर भोवळ आली. तिला परत नेऊ द्यायला तो तयार नव्हता. त्या रुग्णालयात आज सकाळी एक बाई मेली हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं, आणि भगताला निरोप गेलेला होता. डॉक्टर समजावायला लागले तसा तो बाजेच्या आडवा उभा राहिला.

प्रमिला खाली मातीत बसली आणि त्याच्याशी त्याच्या बोलीत बोलली. आमच्याकडून हिला चुकीचं औषध गेलं. हिचं दुखणं आम्ही वाढवलं. त्याचा उतारा डॉक्टरांकडे आहे, भगताकडे नाही. हे सगळं तिने जसंच्या तसं सांगितलं. डॉक्टर प्रसादांना बोली कळत नव्हती, पण तिच्या तोंडाकडे बघून काय चाललंय ते कळलं असावं. त्यांनी तिला अडवलं नाही.

आजवर कुठल्या दवाखान्यातल्या माणसाने आपलं चुकलं असं चैतीच्या नवऱ्याला सांगितलं नव्हतं. मग त्याने बाजेची एक बाजू धरली.

त्र्यंबकच्या घाटात चैतीची नाडी दोनदा बोटाखालून निसटली. प्रमिलाने एका हाताने सलाइनची पिशवी दाबून धरली होती आणि दुसऱ्या हाताने तिची नाडी. नाशिकला रक्त तयार होतं. दुर्बीण घालून तिथल्या डॉक्टरांनी पोटातली वाहती शीर बंद केली. बाहेर आल्यावर ते म्हणाले, अजून दोन तास उशीर झाला असता तर आणायची गरज नव्हती.

७

योगिता दुसऱ्या दिवसापासून कामावर होती. तक्ता ट्रेवरून काढून टाकलेला होता. प्रत्येकीच्या मनगटावर आता नाव लिहिलेली पट्टी होती, आणि प्रश्न बदलला होता. अमुक ना, असं विचारायचं नाही. नाव काय, असं विचारायचं, आणि ती स्वतः सांगेपर्यंत थांबायचं. नितीनने भिंतीवर बोलीतला तो प्रश्न देवनागरीत लिहून लावला होता, दोन चुकांसकट.

अहवालावरून डॉक्टर प्रसाद आणि प्रमिला यांचं पटेना. डॉक्टरांनी लिहिलं होतं, कामाच्या पद्धतीतला दोष. ते खोटं नव्हतं. कोणा एकाचं नाव घालायचं कारण नाही, असं त्यांनी तिला समजावलं, आणि ते तिच्या भल्यासाठीच म्हणत होते. तिने त्यांच्या वाक्याखाली आपलं वाक्य लिहिलं आणि तो कागद संस्थेकडे पाठवून दिला. पुढे काय होईल ते तिला माहीत नव्हतं. नोकरी जाईल किंवा राहील. पण ते सोडून तिला दुसरंच काही स्वस्थ बसू देत नव्हतं, आणि पाचव्या दिवशी ती वावरच्या गाडीत बसली.

जिवा घरामागे एकटाच होता. सोमीने आणलेला राबाचा पाला अजून तसाच पडलेला होता, पेटवलेला नव्हता. त्याने तिला पाणी दिलं. तिने सांगितलं सगळं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. खाट कुणी बदलली, तक्ता कुणी बदलला नाही. झालं तेव्हा त्याने आपले तळहात तिच्यापुढे धरले.

"मी चोळायचा पाय," तो म्हणाला. "तिला बरं वाटायचं. त्याने झालं का?"

प्रमिलाला 'नाही' म्हणणं सोपं होतं. "सुजलेला पाय चोळू नये, जिवाभाऊ. पण ते तुला कुणी सांगितलं नाही, तेही आमचंच काम होतं. इंजेक्शन तिला मिळालं असतं, तर गुठळी बहुतेक झालीच नसती. मग तू वर्षभर चोळला असतास तरी तिला काही झालं नसतं."

त्याने हात खाली घेतले. मग त्याने चैतीची चौकशी केली. ती वाचली, परवा घरी येईल, असं प्रमिलाने सांगितलं. त्याने मान डोलवली.

"हे मला सांगून काय होणार, बाय?" तो म्हणाला. "मला इथं कुणी पाणी पण देत नाय. धोंडीबाईच्या दारात चल. तिथं सगळे असतात. तिथं सांग."

धोंडीबाईच्या अंगणात नाचणी झोडलेल्या खळ्यावर दहाबारा माणसं बसलेली होती. जिवा येताना दिसला तशी बोलणी थांबली, दोन बायका उठून आत गेल्या. तो अंगणाच्या कडेलाच थांबला. प्रमिला पुढे गेली. धोंडीबाईने तिला ओळखलं, पण बस म्हटलं नाही.

प्रमिलाने चपला काढल्या. आत गेलेल्या बायका दारात येऊन उभ्या राहीपर्यंत ती थांबली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांच्या बोलीत, तिने आधी आपलं नाव सांगितलं.